पन्नास सह्यांचा माणूस

'सार्वजनिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी येतो तो गणेशोत्सव. मांडव, आरास, आरत्या आणि मागून येणारी वर्गणीची पावती! लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आणला आणि हा शब्द मराठी माणसाच्या घरोघरी पोहोचला. पण त्याच्याही वीसेक वर्षं आधी पुण्यात एक गृहस्थ असे होते की लोकांनी हा शब्द त्यांच्या नावालाच जोडून टाकला. पाळण्यातलं नाव गणेश, आडनाव जोशी, धंदा वकिलीचा. पण पुणं त्यांना ओळखायचं 'सार्वजनिक काका' म्हणून.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं. 'सार्वजनिक काकांनी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली', एक गुणाचं उत्तर, आणि पुढचा प्रश्न. पण परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसाकडे जरा थांबून बघावं असं मला वाटतं. कारण ज्यांना मताचा अधिकार नाही, मोर्चा काढायची सोय नाही, अशा साध्या रहिवाशांनी आपलं गाऱ्हाणं सरकारदरबारी न्यायचं कसं, हा प्रश्न काकांनी दीडशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. आणि तो त्यांनी कागदावर सोडवला.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. साताऱ्याला छत्रपतींची गादी अजून होती, पण नावापुरती. काका विशीत आले आणि १८४८ साली डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. ज्या गावात लहानाचे मोठे झालो तिथला धनी एका हुकुमासरशी बदलतो आणि रयतेला कुणी विचारतसुद्धा नाही, हे त्या पिढीने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच सुमारास काका पुण्याला आले. सरकारी कचेरीत कारकुनी केली. कचेरीचा कारभार आतून बघितला, अर्ज कुठे अडतो, कुठे धूळ खातो, कुणाच्या टेबलावरून पुढे सरकतो ते सगळं जवळून पाहिलं. पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि १८६० च्या दशकात पुण्याच्या कोर्टात वकील म्हणून उभे राहिले.

त्या वेळचं पुणं म्हणजे राजधानीपण गेलेलं शहर. नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली होती खरी, पण तिचे सभासद सरकार नेमणार. पेठेतल्या माणसाने मत द्यायचं, आपला नगरसेवक निवडायचा, हे अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाण्याची तक्रार असो की कराची, फार तर एखाद्या प्रतिष्ठिताच्या वाड्यावर जायचं आणि साहेबाच्या कानावर घालायची विनंती करायची. वजनदार माणसाच्या मनात आलं तर काम, नाहीतर राम राम.

अशात पर्वतीचं प्रकरण निघालं. पर्वती म्हणजे पुणेकरांचा जीव की प्राण. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ, रमणा, दक्षिणा, सगळ्या जुन्या आठवणी त्या टेकडीशी बांधलेल्या. पेशवाईनंतर या देवस्थानाचा कारभार पंचमंडळींकडे होता. तो नीट चालत नाही, अशी कुरबुर शहरात बरेच दिवस चालली होती. शेवटी काही रहिवासी एकत्र आले आणि जाब विचारायचं ठरलं. आणि तिथे त्यांच्यापुढे एक साधासा, पण मोठा अवघड प्रश्न उभा राहिला. तुम्ही कोण? गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

वाचकहो, आपणही हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. चार-पाच जण मिळून एखाद्या कचेरीत जातो आणि टेबलापलीकडचा माणूस शांतपणे विचारतो, की आपण कोणाच्या वतीने आला आहात? तिथे आपली बोलती बंद होते. आपलं म्हणणं खरं असतं, पण ते फक्त आपलंच आहे की सगळ्यांचं, हे दाखवायला हातात काही नसतं.

काका वकील होते. अशीलाने वकीलपत्र दिल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, हे त्यांना रोजच्या धंद्यातून ठाऊक. त्यांनी तोच नियम गावाला लावला! ज्याला लोकांच्या वतीने बोलायचं आहे त्याने आधी लोकांकडून तसं लिहून आणावं. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती याच पायावर. सभेचा सभासद व्हायचं असेल तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. नुसती वर्गणी भरून, किंवा मोठ्या घराण्यातला आहे म्हणून, सभासद होता येणार नाही. सुरुवातीला ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. म्हणजे सरासरी काढली तर प्रत्येकाने साठाहून अधिक सह्या आणलेल्या. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले, सरदार-इनामदार आले, सावकार आणि वकील आले. पण दारोदार फिरून ही मोट बांधणारा माणूस जोशी वकील.

जरा कल्पना करून बघा. ना टेलिफोन, ना छापील फॉर्म. पेठेत एकेका वाड्यात जायचं, ओसरीवर बसायचं, काम समजावून सांगायचं. समोरच्याला भीती वाटायची, सरकारी कागदावर नाव गेलं तर उद्या काही बालंट येईल का? सत्तावनच्या धामधुमीला फक्त तेरा वर्षं झालेली. तरीही सहा हजार लोकांनी नाव घातलं. आपल्या देशात निवडणूक नावाची गोष्ट रुजायच्या आधी पुण्याच्या पेठांमध्ये लोकांनी आपला माणूस सहीने निवडला, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं होणार नाही.

इथे हवल्लीकरांना एक गंमत सांगायलाच हवी. आपला मराठी 'मुखत्यार' हा शब्द अरबी 'मुख्तार' वरून, फारसीच्या वाटेने आलेला. मूळ अर्थ 'निवडलेला'. कुवेतमध्ये भागाच्या सरकारी प्रतिनिधीला मुख्तार म्हणत आले आहेत, हे इथे राहिलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतं. म्हणजे काकांच्या मुखत्यारपत्रातला शब्द आणि आपल्या शेजारच्या अरबाच्या तोंडचा शब्द एकच! फरक एवढाच की इथला मुख्तार वरून नेमलेला, आणि काकांचा मुखत्यार खालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेमलेला.

सभा पर्वतीच्या प्रकरणासाठी निघाली, पण तिथे थांबली नाही. एकदा लोकांना कळलं की आपलं म्हणणं नीट लिहून सरकारपुढे मांडणारं कुणीतरी आहे, की मग एकेक विषय यायला लागला. शेतसारा, कर, जंगलाचे नियम, दुष्काळ. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात बदलून आले आणि सभेला मोठी बुद्धी मिळाली. रानड्यांनी विचार करायचा, मसुदा घालायचा आणि काकांनी माणसं जोडायची, धावपळ करायची, अशी ही जोडी जमली. रानडे सरकारी नोकरीत, त्यांना उघडपणे पुढे येण्यावर मर्यादा. काका मात्र मोकळे. नुसती तक्रार करायची नाही, आधी माहिती गोळा करायची, ही सभेची पद्धत याच काळात पक्की झाली. १८७२ मध्ये सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवालही काढला. पुढे १८७५ मध्ये तर सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला, की हिंदुस्थानच्या लोकांनाही तिथे प्रतिनिधी मिळावेत. पर्वतीच्या टेकडीवरून निघालेला कागद पाच वर्षांत लंडनला पोहोचला होता.

खरी परीक्षा झाली १८७६-७७ च्या दुष्काळात. दख्खनमध्ये पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरं मेली, माणसं गाव सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण खर्च वाचवायला मजुरांची मजुरी इतकी कमी केली की दिवसभर खडी फोडणाऱ्याला एक पौंड धान्यावर भागवावं लागे. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली आणि तालुक्यातालुक्यांतून माहिती मागवली. पाऊस किती पडला, धान्याचा भाव काय, कामावर किती माणसं, किती गाव सोडून गेली, हे सगळं लिहून सरकारला पत्रामागून पत्र धाडलं. कमी मजुरीविरुद्ध मजुरांनी कामं सोडली तेव्हा सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सरकारी अहवाल सगळं ठीक म्हणायचे आणि सभेची पत्रं गावांची खरी हालत दाखवायची. त्या पत्रांत आक्रस्ताळेपणा नसायचा, आकडे असायचे. साहेबाला आरडाओरडा खोडून काढता येतो, आकडा खोडायला स्वतः जाऊन मोजावं लागतं!

काका स्वतः कसे होते? बोलायचे तसे वागायचे. १२ जानेवारी १८७२ ला त्यांनी खादी वापरण्याचं व्रत घेतलं. स्वतः सूत काढायचं आणि तेच कापड वापरायचं. गांधीजींचा तेव्हा पोरबंदरात पाळणा हलत होता म्हणा ना, दोन-सव्वादोन वर्षांचे होते ते! देशी मालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून काकांनी दुकानं काढायला लावली, स्वतः झीज सोसली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचं होतं. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचा प्रतिनिधी म्हणून काका गेले ते पांढऱ्या खादीच्या पोशाखात. तिथे सभेने मानपत्र दिलं, पण त्यातही मागणं होतंच, की राणीच्या इंग्रज प्रजेला जे हक्क आहेत ते आम्हालाही मिळावेत. तिकडे दख्खनमध्ये दुष्काळ चालू होता. अशा वेळी तो साधा पांढरा पोशाख बघून कुणाला काय वाटलं असेल, ते आपण समजू शकतो.

काकांचं घरही या कामात होतं. पत्नी सरस्वतीबाईंनी 'स्त्रीविचारवती सभा' काढली आणि हळदीकुंकवाला सगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बोलावलं. त्या काळच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती.

मग आलं १८७९ साल. वासुदेव बळवंत फडक्यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचललं, जुलैमध्ये ते पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. फडके काही परके नव्हते. पुण्यातच लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. पण आता त्यांचं वकीलपत्र घ्यायला कोण धजणार? सरकारची नजर आधीच पुण्यावर होती, रानड्यांना पुण्यातून हलवून झालं होतं, आणि सभेवरही संशय होता. काकांची सगळी हयात अर्ज-विनंत्यांत, कायद्याच्या चौकटीत गेलेली. फडक्यांचा मार्ग त्यांचा मार्ग नव्हता. तरी ते कोर्टात उभे राहिले. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, एवढी साधी गोष्ट. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, त्यांना एडनला नेलं आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचं देहावसान झालं. आपल्या या अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला मराठी माणसाची अशीही एक आठवण आहे.

ते बघायला काका नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि नगरपालिकांमध्ये लोकांनी निवडलेले सभासद येण्याचा रस्ता मोकळा झाला. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं ठरलं होतं. यजमानपण सार्वजनिक सभेकडे होतं, पण पटकीची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला न्यावं लागलं.

इतकं सगळं सांगून एक गोष्ट सांगितली नाही तर ते काकांनाही आवडणार नाही. सभेचं नाव 'सार्वजनिक', पण तिच्यात खरोखर सर्व जन होते का? त्याच पुण्यात राहणाऱ्या महात्मा फुल्यांनी हाच सवाल केला. सभेत उच्चवर्णीय आणि पैसेवाले पुष्कळ, पण कष्टकरी शेतकरी, महार, मांग कुठे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते खोटं नव्हतं. फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते आणि १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी विरोध नोंदवला. दोघांचं गाव एक, काळ एक, काम रहिवाशांच्या गाऱ्हाण्याचंच. पण फुल्यांनी दाखवलेली उणीव आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सह्या पन्नास असल्या तरी त्या कुणाकुणाच्या, हे बघायला लागतं. एकाच वाड्यातल्या पन्नास सह्या म्हणजे गाव नव्हे.

आणि सरकारने 'तुम्ही कोण' हा प्रश्न पुन्हा विचारला तो १८९७ मध्ये. तोवर सभा टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे गेली होती, रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली होती. दुष्काळात शेतकऱ्यांना त्यांचे कायदेशीर हक्क समजावून सांगत सभेची माणसं खेडोपाडी फिरत होती. सरकारने जाहीर केलं की यापुढे या सभेला लोकांची प्रतिनिधी म्हणून मान्यता नाही, तिचे अर्ज घेतले जाणार नाहीत. सत्तावीस वर्षांनी गाडी पुन्हा मूळ जागी आली म्हणायची? मला तसं वाटत नाही. मान्यता सरकार काढून घेऊ शकतं, पण लोकांनी दिलेलं मुखत्यारपत्र सरकारला काढून घेता येत नाही. ते सरकारचं नव्हतंच मुळी.

आता आपल्याकडे वळू. हवल्लीत आपण राहतो ते भाड्याच्या घरांत. वर इजिप्तचं कुटुंब, खाली फिलिपिनो मुली, समोर सीरियाचा दुकानदार, मधल्या मजल्यावर आपला पोळी-भाजीचा वास! इथे आपल्याला मत नाही आणि ते असावं अशी अपेक्षाही नाही. आपण पाहुणे आहोत. रस्त्यावर उतरून मागणी करायची हा इथे आपला मार्ग नव्हे, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण कचऱ्याची भरून वाहणारी पेटी, शाळेच्या बसच्या जागी लावलेल्या गाड्या, बंद पडलेला दिवा, गल्लीत तुंबलेलं सांडपाणी, या गोष्टींना पासपोर्टचा रंग कळत नाही. कुवेतची नगरपालिका, आपली 'बलदिया', १९३० पासूनची आहे आणि २०२१ मध्ये आलेल्या साहेल ॲपमुळे सरकारी कामाचे कितीतरी हेलपाटे वाचले आहेत. पण ॲपवर जाते ती एकट्याची तक्रार. इमारतीतल्या तीस घरांनी मिळून, अरबी जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून नीट लिहून घेतलेला, तारीख, जागा आणि अडचण स्पष्ट सांगणारा अर्ज घरमालकाकडे किंवा कचेरीत गेला तर त्याचं वजन वेगळं. त्यात इजिप्तची सही हवी, फिलिपिनोची हवी, खालच्या हारिसचं म्हणणंही हवं. फुल्यांचा मुद्दा इथे उपयोगी पडतो तो असा!

एकत्र येणं आपल्याला जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २ ऑगस्ट १९९० नंतरचे दिवस ज्यांनी इथे काढले त्यांना विचारा. इथल्या भारतीयांनी स्वतः समिती केली, विखुरलेल्या माणसांना गाठलं, राहण्या-खाण्याची आणि वाहनांची सोय केली, वाळवंटातून अम्मानपर्यंतचा रस्ता धरला. तिथून एअर इंडियाने एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांना मायदेशी नेलं. त्यांना कुणी निवडणुकीत निवडलं नव्हतं. लोकांनी विश्वासाने नावं दिली आणि त्यांनी ती जबाबदारी घेतली. काकांच्या मुखत्यारपत्रात तरी दुसरं काय होतं?

मुलांना इथे वाढवताना आपण त्यांना शिवाजी महाराज सांगतो, टिळक सांगतो, सावरकर-आंबेडकर सांगतो. त्यांच्या रांगेत हा खादीतला वकीलही असू द्या. त्याने गड जिंकला नाही की सिंहगर्जना केली नाही. घरोघर जाऊन त्याने एवढंच विचारलं, की तुमच्या वतीने बोलू का? आणि लोकांनी हो म्हटल्यावरच तो बोलला. आपल्या मंडळाच्या कामात, शाळेच्या पालक सभेत, इमारतीच्या जिन्यात, सगळीकडे हे विचारता येतं. त्याला ना व्हिसा लागतो, ना मत.